अण्णांचे अर्धविराम

प्रश्न:

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगली जिल्ह्यात तलाठी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. वहीत, बॉलपेननं, समासात तारखा टाकून. मी पुण्याला जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचं काम करते. सुट्टीला घरी गेले की त्यांच्या वह्या लॅपटॉपवर उतरवते.

अण्णांच्या लिहिण्यात अर्धविरामांना सुमार नाही. जमिनीची चतु:सीमा लिहावी तसं एकेक वाक्य चार-पाच ओळी चालतं. शिवाय 'म्हणाले की,' असा कीनंतर स्वल्पविराम जागोजाग. मी टाइप करता करता वाक्यं तोडली, सगळीकडे 'म्हणाले, की' केलं, भावनेचे प्रसंग आले तिथं टिंबं आणि उद्गारचिन्हं दिली. पुराचं प्रकरण छापून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण हे मी लिहिलेलं नाही." तेव्हापासून पुढची वही कपाटातच आहे. व्हॉट्सॲपवर विचारलं तर "बघू." एवढंच येतं, पुढं पूर्णविराम देऊन. माझ्या छातीत धस्स होतं.

माझं म्हणणं असं की अर्धविराम आता कुणी वापरत नाही, वाचकाला दम लागतो. दादा म्हणतो, टिंबा-टिकल्यांवरून कसलं भांडण करता. चूक कुणाची? आणि मला छोटी वाक्यं आवडतात हा गुन्हा आहे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. पुराच्या प्रकरणातले अण्णांचे अर्धविराम परत घाला. सगळे. त्यानंतर काय करायचं ते खाली सविस्तर लिहिते. छोटी वाक्यं आवडणं हा गुन्हा नाही, त्याबद्दलही लिहिते. तुमच्या दादांचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एकेक शब्द जबाबदारीनं लिहिला, त्याच्या कागदावरचं कुठलंही चिन्ह टिकली नसतं.

पत्रासोबत तुम्ही एक वाक्य दोन्ही रूपांत पाठवलंत ते फार बरं केलंत. अण्णांच्या वहीत ते असं आहे:

पाणी ओसरले; माणसे परतली; मी कागद घेऊन पहिल्या उंबऱ्याशी उभा राहिलो; घर नव्हते, उंबरा होता.

आणि तुम्ही टाइप केलंत ते असं:

पाणी ओसरले. माणसे परतली. मी कागद घेऊन पहिल्या उंबऱ्याशी उभा राहिलो. घर नव्हते… फक्त उंबरा होता!

दोन्ही मोठ्यानं वाचून बघा. २००५ च्या महापुरानंतर एक सरकारी माणूस पडझडीचे पंचनामे करायला निघालाय. त्याला दिसलं ते तो त्याच क्रमानं लिहितोय, आणि प्रत्येक अर्धविराम सांगतोय की नोंद अजून संपलेली नाही, पुढं आहे. पाणी, माणसं, कागद, उंबरा. वाचणाऱ्याला थांबायला जागाच दिलेली नाही, कारण लिहिणाऱ्यालाही त्या दिवशी थांबता आलं नव्हतं. मग 'घर नव्हते' येतं आणि त्यापुढं नुसता स्वल्पविराम. वाक्यातलं सगळ्यात हलकं चिन्ह अण्णांनी सगळ्यात जड जागी ठेवलंय. तिथं त्यांनी आवाज चढवला नाही. पंचनामा लिहिणाऱ्यानं आवाज चढवायचा नसतो. त्यामुळेच ते वाक्य वाचताना माझा घसा दाटून आला.

आता तुमचं रूप. पहिल्या तीन पूर्णविरामांनी तीन सुटे तुकडे झाले, ते एक वेळ चाललं असतं. पण 'नव्हते' पुढच्या टिंबांनी वाचकाला आधीच सांगून टाकलं की आता काहीतरी येतंय. आणि 'फक्त' हा शब्द अण्णांच्या वहीत नाहीच. तो कुठून आला, याचा विचार केलात का? टिंबांनंतर वाक्य लोंबकळत राहतं, त्याला पुढं काहीतरी आधार लागतो, म्हणून 'फक्त' आला. 'फक्त' आल्यावर उद्गारचिन्ह आपोआप आलं. चिन्ह एकटं बदलत नाही, ते शब्द ओढून आणतं. "हे मी लिहिलेलं नाही" असं अण्णा म्हणाले ते रागानं म्हणाले असं तुम्हाला वाटतंय. मला तर ती मजकुराची बिनचूक तपासणी वाटते. खरंच त्यांनी ते तसं लिहिलेलं नव्हतं.

अर्धविराम त्यांना कुठं सापडला याचं उत्तर तुम्हीच पत्रात देऊन ठेवलंय. पूर्वेस ओढा; दक्षिणेस सरकारी रस्ता; पश्चिमेस अमुक यांचा गट; उत्तरेस गावठाण. इथं पूर्णविराम देऊन चालत नाही, कारण चारही बाजू मिळून एकच जमीन होते. स्वल्पविरामानंही भागत नाही, कारण एकेका बाजूच्या आत नाव, गट नंबर, क्षेत्र असे स्वल्पविराम आधीच येऊन बसलेले असतात. दोन्हींच्या मधलं चिन्ह लागतं. ज्यानं आयुष्यभर असं लिहिलं त्याला जगही तसंच दिसणार, बाजू-बाजूंनी, पण एका हद्दीत. पुराचं वाक्य त्याच नजरेनं पाहा. त्यात चार बाजू आहेत आणि मधली जमीन म्हणजे ते पडलेलं घर. तुम्ही ती हद्दच पुसलीत.

"आता कुणी वापरत नाही" हे तुमचं म्हणणं जाहिरातीपुरतं खरं आहे. फलकावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर अर्धविराम मीही देणार नाही. पण पुस्तक वाचणारा माणूस बसून वाचतो. मराठी गद्यात अर्धविराम रुळला तोच मुळी अशा बसून वाचण्याच्या काळात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हाची ती लांबलचक, पदर सुटत जाणारी वाक्यं या चिन्हाशिवाय उभीच राहिली नसती.

त्याच्याही मागं जरा जाऊ या, कारण तुमच्या भांडणाचं मूळ मला तिथं दिसतं. मोडी कागद कधी जवळून पाहिलेत का? आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि त्यांना अक्षरं लटकवत जायची, बोरू उचलायचा तो शाई संपली की. ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह, दोन शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नाही. तरी वसुलीचे हिशेब, तह, तंटे, लढायांच्या बातम्या सगळं त्यातून चोख कळत होतं. कसं? आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'आले', 'केले', 'पावले' दिसलं की वाक्य संपलं हे डोळ्याला समजतं. शिवाय विषय बदलताना 'ऐसीयास', मुद्द्यावर येताना 'त्यास', दुसऱ्याचं बोलणं संपलं की 'म्हणोन'. ही सगळी कामं शब्दच करत होते. आणि पत्र संपलं की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. लेखनाची मर्यादा इथं झाली, यापुढं कुणी एक अक्षर वाढवायचं नाही, असा त्याचा अर्थ. पद्यात दंड होते. अभंगाचा चरण संपला की एक, कडवं संपलं की दोन आणि आकडा. गद्याला त्यांचीही फारशी गरज पडली नाही.

आज आपण वापरतो ती चिन्हं छापखान्याबरोबर इंग्रजीकडून आली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत बसवण्यासाठी मेहनत घेतली. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चं. म्हणजे आपली चिन्हं अशा भाषेवर आली जी त्यांच्यावाचूनही नीट उभी होती. म्हणून मराठीत सक्तीची चिन्हं थोडी आणि आवडीची फार. 'तू येणार' आणि 'तू येणार?' यांत सगळा फरक चिन्हानंच होतो, तिथं ते टाळून चालत नाही. पण 'येतोस का' मध्ये प्रश्न आधीच 'का'नं विचारलेला असतो, चिन्ह नुसतं दुजोरा देतं. 'आलाच की' म्हटल्यावर उद्गारचिन्हाचं काम 'च' आणि 'की' यांनी उरकलेलं असतं. भाषा इतकी सोय करून ठेवते, त्यामुळे उरलेली जागा लिहिणाऱ्याच्या हाताची असते. कुणी डॅश देईल, कुणी अर्धविराम, कुणी काहीच नाही.

नियमाचं पुस्तक काढून हा वाद मिटणार नाही, तेही सांगून ठेवते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. त्यांत अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत, सामान्यरूपं आहेत. स्वल्पविराम कुठं द्यावा आणि अर्धविराम किती असावेत याबद्दल त्या अठरा नियमांत एक ओळ नाही. ते काम लिहिणाऱ्यावर आणि छापणाऱ्यावर सोडलंय. तेव्हा अण्णांना "असं चालत नाही" म्हणायचा आधार तुमच्याकडे नाही. तुम्हाला "असंच चालतं" म्हणायचा आधार त्यांच्याकडेही नाही. फक्त पुस्तक त्यांचं आहे.

आता 'की'कडे वळते. इथं मला तुमचं काम जास्त खटकलं.

मराठीत 'की'भोवतीच्या स्वल्पविरामाचे तीन पंथ आहेत. एक पंथ लिहितो, 'ते म्हणाले, की उद्या या.' त्यांचं तर्कशास्त्र असं की 'की' हे उभयान्वयी अव्यय पुढच्या वाक्याचं असतं, म्हणून तोडायचं तर त्याच्या आधी तोडावं. व्याकरणाच्या दृष्टीनं पक्कं. दुसरा पंथ लिहितो, 'ते म्हणाले की, उद्या या.' त्यांचं प्रमाण म्हणजे जीभ. आपण बोलताना 'म्हणालेकी' एका दमात म्हणतो आणि मग थांबतो. 'म्हणाले' नंतर थांबून 'की उद्या या' असं मी तरी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. तिसरा पंथ कुठंच काही देत नाही. मी त्यातली आहे. 'की' हा शब्दच सांधा आहे, त्याला वर आणखी खूण कशाला, असं मला वाटतं, आणि माझं सगळं लिहिणं तसंच असतं.

पण अण्णांचा 'की,' आवडीनिवडीपेक्षा जुना आहे. पंचनाम्याचा कागद आठवा. 'आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष पंचनामा लिहून देतो की,' आणि मग पुढं सगळा मजकूर. तिथं 'की' नंतर माणूस खरोखर थांबतो, पंचांकडे एकदा बघतो आणि मग लिहायला लागतो. तो स्वल्पविराम म्हणजे जबानीचं दार आहे. आठवणींमध्येही अण्णा कुणाचं बोलणं लिहितात तेव्हा ते समोरच्याला बोलू देतात, 'म्हातारी म्हणाली की,' आणि पुढं म्हातारीचेच शब्द. तुम्ही 'म्हणाली, की' केलंत. हे ना अण्णांचं, ना तुमचं. तुमच्या पत्रात एकदाही तुम्ही तसं लिहिलेलं नाही. 'माझं म्हणणं असं की' असं चिन्हाविना लिहिलंय. मग ते आलं कुठून? वर्तमानपत्रांतून डोळ्यांत बसलेलं असणार, 'शुद्ध' म्हणून. आपल्या आवडीसाठी दुसऱ्याचं चिन्ह बदललं तर निदान एक आवड तरी कागदावर राहते. इथं दोघांचीही गेली. हे बदल तर आधी मागं घ्या.

आता तुमच्या बाजूनं बोलते, कारण वहीतल्या ज्या इतर ओळी तुम्ही पाठवल्यात त्यांत तुमचा हात लागायला हवा अशा जागा नक्की आहेत.

'गावातील सर्व जाणती मंडळी, चावडीत जमली.' हा स्वल्पविराम काढा. कर्ता कितीही लांब असला तरी तो आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम उभा करायचा नसतो. लिहिताना दम लागला म्हणून तो पडतो. अण्णांना विचारलंत तर तेही हो म्हणतील.

'पंचनामा केव्हा होणार? असे लोक विचारू लागले.' इथं प्रश्नचिन्हानं वाक्य मधेच संपल्यासारखं होतं. दोन वाटा आहेत. बोलणं अवतरणचिन्हांत घालून प्रश्नचिन्ह आत ठेवा: "पंचनामा केव्हा होणार?" असे लोक विचारू लागले. किंवा अवतरण नको असेल तर नुसता स्वल्पविराम द्या: पंचनामा केव्हा होणार, असे लोक विचारू लागले. मला दुसरी वाट अण्णांच्या घडणीला जवळची वाटते, कारण आपल्याकडे 'असे' हा शब्दच बोलणं बंद करतो. मात्र 'लोकांनी विचारले की, पंचनामा केव्हा होणार?' हे वाक्य तुम्ही चूक समजून पूर्णविरामानं संपवलंय, ते चूक नाही. इंग्रजीत दुसऱ्याचा प्रश्न सांगताना त्याचं रूप बदलतं आणि प्रश्नचिन्ह गळतं. मराठीत 'की' नंतर माणूस आपल्याच तोंडानं बोलत राहतो. प्रश्न प्रश्नच राहतो, चिन्हही राहतं.

जोडशब्दांत अण्णा कधी 'आई-वडील' लिहितात, कधी 'आईवडील'. दोन्ही चालतात, पण एका पुस्तकात एकच ठेवा. टिंबं असतील तिथं तीनच द्या. एका ठिकाणी सात दिसली.

आणि एक अर्धविराम मी स्वतः काढायला सांगेन. देवळाच्या जत्रेचं वर्णन आहे ना, त्यात 'पाळणे आले; भेळवाले आले; आणि तमाशाचा तंबू पडला' असं आहे. 'आणि' सांधायला आलाय, त्याच्या आधी अर्धविरामाची गरज नाही. पण हेही विचारून. कारण जत्रेत ते एकेका गोष्टीपुढं उभं राहून पाहत असतील, तर कदाचित तेवढं थांबणं त्यांना हवं असेल.

विचारायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, कारण वही कपाटात आहे. माझी अर्धी नोकरी छापखान्याच्या प्रूफांवर गेली, तिथली एक रीत सांगते. महत्त्वाचं पुस्तक असलं की प्रूफं दोघांनी मिळून तपासायची. एकानं हस्तलिखित धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे, चिन्हंही म्हणत असे. "पाणी ओसरले सेमीकोलन माणसे परतली सेमीकोलन." कोट सुरू, कोट बंद, नवा पॅरा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण अशा वाचनात एकही चिन्ह निसटत नाही, आणि लेखक स्वतः वाचायला बसला तर आणखी एक गोष्ट होते. जे चिन्ह त्याला खरंच हवं असतं ते तो ठासून म्हणतो. जे सवयीनं पडलेलं असतं तिथं तो अडखळतो, क्षणभर बघतो आणि स्वतःच म्हणतो, "हे काढ."

पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा नवी वही मागू नका. पुराचंच प्रकरण, अण्णांची सगळी चिन्हं जशीच्या तशी घालून, नव्यानं छापून न्या. दोन ओळींत भरपूर जागा सोडा, अक्षर मोठं ठेवा. "मी सुधारलं होतं ते काढून टाकलंय, तुम्ही वहीतून वाचा, मी मिळवून बघते" एवढंच म्हणा. हातात पेन्सिल त्यांच्याही द्या. तुम्हाला एखादी जागा खटकली तर त्या वेळी बोलू नका, समासात बारीक प्रश्नचिन्ह करून पुढं जा. प्रकरण संपल्यावर तेवढ्याच जागा विचारा, आणि विचारतानाही "हे चुकीचं आहे" म्हणू नका. "इथं थांबायचंय का" असं विचारा. तलाठ्याला दुरुस्तीची नोंद कशी करतात ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी सही करतात, चोरून बदलत नाहीत. तुमचे बदल चांगले होते की वाईट यापेक्षा ते न विचारता झाले, हे त्यांना लागलं असावं.

ठरेल ते एका कागदावर लिहून काढा. की नंतर स्वल्पविराम. जोडशब्दांत छोटी रेघ. बोलणं दुहेरी अवतरणात, गावाचं टोपणनाव किंवा खास शब्द एकेरीत. आकडे अंकी की अक्षरी. संपादक मंडळी प्रत्येक पुस्तकासाठी असा कागद करतात. तो अण्णांच्या अक्षरात असू द्या. पुढच्या प्रकरणांत वाद झाला तर त्या कागदाकडे बोट दाखवता येईल, एकमेकांकडे नाही.

तुमच्या आवडीचं काय, असं तुम्ही म्हणाल. तुमची छोटी वाक्यं मी पत्रभर वाचली. 'माझ्या छातीत धस्स होतं.' हे वाक्य असंच हवं, अर्धविरामानं कशाला जोडून ते बिघडेल. तेव्हा या पुस्तकात स्वतःसाठी जागा करा. त्या पुराच्या वेळी तुम्ही शाळेत जात असाल. अण्णा पंचनामे करत गावोगाव फिरत होते तेव्हा घरी काय चाललं होतं, हे फक्त तुम्ही, आई आणि दादा सांगू शकता. शेवटी चार पानं तुमची घाला. तुमच्या पूर्णविरामांनी, तुमच्या टिंबांनी, हवं तर एखाद्या उद्गारचिन्हानंही. ती पानं टाइप झाल्यावर अण्णांना वाचायला द्या आणि त्यांनी तुमची वाक्यं जोडायला घेतली तर तुम्हीही "इथं थांबायचंय" म्हणा. वाचकाला दोन माणसं दोन तऱ्हांनी एकाच पाण्याबद्दल सांगताना ऐकू येतील. एकाच तऱ्हेचं, सरसकट गुळगुळीत केलेलं पुस्तक मला तरी वाचावंसं वाटणार नाही.

'बघू.' बद्दलही लिहायला हवं, कारण पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त बोचलंय ते तेच. तुमच्या वयाची मंडळी मोबाइलवर एका शब्दापुढं पूर्णविराम देत नाहीत. निरोप पाठवला की तो आपोआप संपतो, मग वर टिंब दिलं तर समोरच्यानं दार आपटल्यासारखं वाटतं. ती तुमची रीत झाली. अण्णा ज्या कागदांत वाढले तिथं शेवट मोकळा सोडणं ही हयगय असते. पाचशे रुपये लिहिले की पुढं तिरकी रेघ आणि आडवी रेघ, ५००/-, वर पुन्हा 'अक्षरी रुपये पाचशे फक्त'. मोकळ्या जागेत कुणी काही भरू नये म्हणून. त्यांचा पूर्णविराम मोर्तबाच्या कुळातला आहे. पडताळून बघायचं तर त्यांचे जुने निरोप काढा. 'पोचलो.' 'जेवलो.' 'वाढदिवसाचे आशीर्वाद.' तिथंही ते टिंब असेलच, आणि तेव्हा ते रागावलेले नव्हते. 'बघू' या शब्दात मात्र नाराजी आहे, ती नाकारत नाही. तिच्यावरचा उपाय वर सांगितलाय.

कळवा काय झालं ते.

ता. क. तुमच्या पत्रात आणि टाइप केलेल्या पानांत 'चतु:सीमा', 'दु:ख', 'स्वत:' हे शब्द अपूर्णविराम (:) वापरून लिहिले गेलेत. दिसायला सारखं दिसतं, पण विसर्ग हे अक्षराचं चिन्ह आहे आणि तिथं तुम्ही विरामचिन्ह घातलंय. संगणकाला ते वेगळंच चिन्ह वाटतं. पुढं कधी 'दुःख' शोधलंत तर सापडणार नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून छोट्या रेघेची कळ दाबली की खरा विसर्ग उमटतो. शोधा-बदला करून सगळे नीट करता येतील, पण एका फटक्यात 'सर्व बदला' करू नका. अण्णांच्या वहीत वेळा आहेत, याद्यांच्या आधी खरे अपूर्णविराम आहेत, तेही विसर्ग होऊन बसतील. एकेक ठिकाण बघत जा.